रॉड, बोर्ड आणि अंगातून जाणारा करंट : घरच्या घरी करायचा हिशोब

घरातली विजेची कोणतीही वस्तू बंद करून, पिन काढून, उलटी करून पाहा. पाणी तापवायच्या रॉडच्या मुठीवर, इस्त्रीच्या मागे, मिक्सरच्या तळाला बारीक अक्षरात काही छापलेले असते. त्यात दोन आकडे बहुतेक वेळा सापडतात. एक व्होल्टचा, म्हणजे २३० किंवा २२०-२४०. दुसरा वॅटचा : ९, ५०, ७५०, १५००, जी वस्तू असेल त्याप्रमाणे. या दोन आकड्यांवरून एक साधा भागाकार करता आला की दोन गोष्टी कळतात. घरातल्या वायरीला हा भार पेलेल की नाही, आणि याच विजेचा शॉक बसला तर माणसाच्या शरीरातून किती करंट जाईल.

आरोग्याच्या पानावर विजेचे गणित कशाला, असे कोणी म्हणेल. पण वस्तीतल्या घराचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, मोरी आणि झोपायची जागा यांत चार हातांचे अंतर, आणि सगळ्या घराला मिळून एक-दोन बोर्ड. त्यावरच फ्रीज, टीव्ही, मोबाईलचे चार्जर, सकाळी रॉड, नंतर इस्त्री. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पत्र्यावरून पाणी ओघळते, आणि कामवारी नदीजवळच्या सखल भागात तर पाणी घरातच शिरते. अशा घरात ताप-खोकल्याइतकीच विजेची काळजी घ्यावी लागते. शॉक बसल्यावर डॉक्टरकडे नेण्याएवढा वेळ पुष्कळदा मिळतच नाही.

आधी शब्द समजून घेऊ. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. विजेतला हा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून दर सेकंदाला जितके पाणी वाहते तो प्रवाह. विजेत त्याला करंट म्हणतात आणि तो ॲम्पिअरमध्ये मोजतात. पाइप बारीक असेल, आत गंज असेल, तर पाणी अडते. विजेला होणारा हा अडथळा म्हणजे रोध, ज्याला वायरमन रेझिस्टन्स म्हणतो. त्याचे माप ओहम. दाब तोच ठेवून अडथळा वाढवला की प्रवाह कमी होतो, अडथळा घटवला की प्रवाह वाढतो. नियम एवढाच आहे :

ॲम्पिअर = व्होल्ट ÷ ओहम
ओहम = व्होल्ट ÷ ॲम्पिअर
वॅट = व्होल्ट × ॲम्पिअर

पहिल्या दोन ओळी म्हणजे एकच नियम उलटसुलट मांडलेला. तो जर्मनीतल्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. ओहम हे कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि शाळामास्तर. त्यांच्या नियमाकडे त्या वेळच्या विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही. आज मात्र जगातल्या प्रत्येक वायरमनला त्यांचे नाव घेतल्याशिवाय काम करता येत नाही. तिसरी ओळ शक्तीची आहे : वस्तू दर सेकंदाला किती वीज खाते.

आता रॉड घ्या. १५०० वॅट, २३० व्होल्ट. करंट काढायचा तर वॅटला व्होल्टने भागायचे. १५०० भागिले २३० म्हणजे साधारण ६.५ ॲम्पिअर. आता रॉडचा रोध काढायचा तर २३० भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३५ ओहम. १००० वॅटच्या इस्त्रीला करंट ४.३ ॲम्पिअर लागतो आणि तिचा रोध ५३ ओहम. ९ वॅटच्या एलईडी दिव्याला ०.०४ ॲम्पिअर, म्हणजे रॉडच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून लाइट चालू राहिला म्हणून पोरांवर ओरडणारे घर सकाळी तासभर रॉड पेटता ठेवते तेव्हा हिशोब कुठे चुकतो ते दिसते. पंखा, फ्रीज, मिक्सर यांत मोटर असते, त्यामुळे त्यांचा खरा करंट या भागाकारापेक्षा थोडा जास्त येतो, आणि मोटर सुरू होताना तर क्षणभर कितीतरी जास्त. तापणाऱ्या वस्तूंना मात्र हा हिशोब चोख लागू पडतो. यंत्रमागाची थ्री फेजची मोटर असेल तर गणित वेगळे आहे, ते इथे घेत नाही.

आणखी एक, व्होल्टेज कमी झाले तर? संध्याकाळी २३० चे २०० झाले असे धरू. रॉडचा रोध तोच, ३५ ओहम. करंट झाला २०० भागिले ३५, म्हणजे ५.७. शक्ती झाली २०० गुणिले ५.७, म्हणजे ११४० वॅट. दाब आठव्या हिश्श्याने घटला, पण रॉडची शक्ती जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटली. पाणी तापायला उशीर का होतो याचे उत्तर यात आहे. रॉड खराब झाला म्हणून लगेच नवा आणायची गरज नसते.

बोर्ड का वितळतो

घरातल्या लहान सॉकेटवर ६ ॲम्पिअर असे कोरलेले असते, मोठ्या सॉकेटवर १६. रॉडला ६.५ लागतात हे आपण काढलेच. मोठ्या पिनेचा रॉड लहान सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो, आणि पुष्कळ घरांत तो असतोच. त्या कन्व्हर्टरने पिन बसते, सॉकेट मात्र ६ ॲम्पिअरचेच राहते. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड आणि इस्त्री एकाच वेळी लावली तर ६.५ अधिक ४.३, म्हणजे जवळजवळ ११ ॲम्पिअर. सहाच्या बोर्डावर अकरा.

वायर जळते ती बहुधा जोडावर जळते. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड, सैल झालेला स्क्रू, काळी पडलेली पिन. चांगल्या जोडाचा रोध जवळजवळ शून्य असतो. सैल जोडाचा समजा अर्धा ओहम झाला. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण त्यात किती उष्णता तयार होते ते पाहू. त्यासाठी करंटला करंटने गुणायचे आणि मग रोधाने गुणायचे (वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची सांगड घातली की हेच निघते). ६.५ गुणिले ६.५ म्हणजे ४२, त्याचे अर्धे २१ वॅट. रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचा कथील वितळवणारा सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो. म्हणजे रॉड चालू असताना त्या नखाएवढ्या जोडात जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न पेटलेला असतो, आणि तोही टेपाच्या आत, लाकडी पट्टीवर, कपड्यांच्या दोरीशेजारी. इस्त्रीही लावली की करंट ११ होतो. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, त्याचे अर्धे ६० वॅट. करंट दुपटीपेक्षा कमी वाढला, उष्णता मात्र जवळजवळ तिप्पट झाली.

पिन गरम लागणे, सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडणे, जळका वास, चरचर आवाज, या सगळ्याचा अर्थ हाच. टेपाचा आणखी एक वेढा देऊन रोध कमी होत नाही. जोड कापून, कनेक्टर घालून, स्क्रू घट्ट करून घ्यावा लागतो. भिवंडीत ज्यांच्या घराला लागून माग आहेत, किंवा घरातच बॉबिनचे काम चालते, त्यांच्या बोर्डावर सुताचे बारीक तंतू बसतात. तापलेल्या जोडावरचा असा थर ठिणगीने भुरकन पेटतो. मेन बंद करून कोरड्या ब्रशने तो झाडून काढायला पाच मिनिटे लागतात.

रॉड, इंडक्शन चूल, गीझर यांसाठी १६ ॲम्पिअरचे वेगळे सॉकेट आणि त्याला मीटरपासून तांब्याची जाड वायर असावी. वायरमन तिला अडीच किंवा चार स्क्वेअरची वायर म्हणतात. घरात नेहमी दिव्यांसाठी वापरतात ती एक स्क्वेअरची वायर दिव्या-पंख्यांनाच ठीक. हे करून घेणे आज शक्य नसेल तर फुकटातला उपाय : रॉड चालू असेल तेव्हा इस्त्री नाही, इस्त्री चालू असेल तेव्हा रॉड नाही.

एमसीबी पडला नाही, माणूस मात्र गेला

विजेचा टेस्टर सगळ्यांनी पाहिलेला आहे. पेनसारखा स्क्रूड्रायव्हर, आत छोटा दिवा. टोक फेजला लावायचे, मागच्या टोपीवर बोट ठेवायचे, दिवा पेटतो. तो दिवा पेटतो तेव्हा करंट आपल्या बोटातून, शरीरातून जमिनीत जात असतो. दाब पूर्ण २३० व्होल्टचा. तरी आपल्याला काही जाणवत नाही. का? कारण टेस्टरच्या आत साधारण दहा लाख ओहमचा एक तुकडा बसवलेला असतो. २३० भागिले १०,००,००० म्हणजे ०.०००२३ ॲम्पिअर. इतके लहान आकडे बोलायला गैरसोयीचे, म्हणून ॲम्पिअरचा हजारावा भाग, मिलिॲम्पिअर, वापरतात. तर टेस्टरमधून जातो पाव मिलिॲम्पिअरच्याही आत.

आता टेस्टर नाही, ओला हात थेट उघड्या वायरीवर पडला. ओल्या अंगाचा, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर, अर्थात २३० मिलिॲम्पिअर. दाब तोच, माणूस तोच. फरक फक्त ओहमचा.

एक मिलिॲम्पिअरच्या आसपास मुंग्या आल्यासारखे वाटते. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणसाला वायर सोडताच येत नाही. लोक म्हणतात 'करंटने धरून ठेवले', ते असे. स्त्रिया आणि लहान मुलांमध्ये ही मर्यादा आणखी खाली असते. वीस-तीसला छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. पन्नासच्या वर करंट एखादा सेकंद हातापासून पायापर्यंत गेला तर हृदयाचा ठोका बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका असतो, मग रक्त पुढे जात नाही. शंभर-दोनशेला तर बोलायलाच नको. ओल्या हाताचा आपला हिशोब २३० आला होता.

कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ जास्त असतो, कधी हजारो, कधी लाखभर ओहमही. म्हणून कोरड्या बोटाला, पायात रबरी चप्पल असताना, बहुतेक वेळा झिणझिण्यांवर भागते आणि माणूस म्हणतो, मला करंट लागत नाही. असे सांगणारे वायरमन प्रत्येक वस्तीत एक तरी भेटतात. त्यांच्या अंगात काही वेगळे नसते. कातडी जाड आणि कोरडी असते, इतकेच. घाम आला, बोटाला चीर पडली, की तोच माणूस दुसऱ्यांसारखाच. शिवाय २३० व्होल्टच्या दाबाखाली कोरड्या कातडीचा अडथळाही टिकून राहत नाही, काही क्षणांत ढासळतो.

आता एमसीबीचा मुद्दा. घरोघरी मीटरजवळ एमसीबी असतो आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटते. दिव्या-पंख्यांच्या लाइनीला असतो त्या लहान एमसीबीवर आकडा ६ चा असतो, म्हणजे ६००० मिलिॲम्पिअर. माणूस २३० ला जातो. एमसीबीच्या दृष्टीने हा करंट साधारण पन्नास वॅटच्या पंख्याएवढाच, नऊ वॅटचे पाच-सहा दिवे जास्त पेटल्यासारखा आहे. तो पडणार कशाला? एमसीबी आणि जुना फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतात, माणसासाठी नव्हेत.

माणसासाठी वेगळे यंत्र आहे. दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. ते फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला हे सतत तोलत राहते. दोन्ही सारखे असायला हवेत. मधला काही करंट कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत पळाला, की तराजू झुकतो आणि ते लाइन तोडते. घरासाठी ३० मिलिॲम्पिअरचे घ्यायचे. ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडते. दुकानदार १०० किंवा ३०० चे दाखवेल तर माणसाच्या रक्षणासाठी ते चालणार नाही. त्यावर एक टेस्टचे बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहावे. किंमत एका बऱ्या मोबाईलपेक्षा खूपच कमी असते. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर मात्र तेही वाचवू शकत नाही, कारण गेलेला सगळा करंट परत आलेला असतो.

अर्थिंगचेही गणित याच नियमाने सुटते. फ्रीजच्या पत्र्याला आतून फेज चिकटला आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ ॲम्पिअर धावतात आणि एमसीबी झटकन पडतो. हीच अर्थिंग नावापुरती असेल, कोरड्या मुरमात हातभर सळई ठोकलेली, तर तिचा रोध ५० ओहमही असू शकतो. मग धावतात ४.६ ॲम्पिअर. सहाचा एमसीबी ढिम्म राहतो, फ्रीजचा पत्रा मात्र जिवंत झालेला असतो. म्हणून तिसरी पिन कापून टाकणे जितके वाईट, तितकेच नळाच्या पाइपाला वायर गुंडाळून अर्थिंग झाली असे समजणे वाईट. पाइप पुढे प्लास्टिकचा असला तर करंट जमिनीत जात नाही, शेजारच्या घरातल्या नळावर मात्र येऊ शकतो.

रॉड तपासायची एक पद्धत वस्तीतल्या कोणत्याही वायरमनकडून करून घेता येते. पिन काढलेल्या, कोरड्या, थंड रॉडच्या दोन लहान पिनांना मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावला, की १५०० वॅटच्या रॉडला ३५ च्या आसपास आकडा यायला हवा. मग एक टोक लहान पिनेला आणि दुसरे रॉडच्या धातूच्या नळीला लावायचे. इथे कोणताही आकडा यायला नको. समजा वीस हजार ओहम दाखवले, तर २३० भागिले २०,००० म्हणजे साडेअकरा मिलिॲम्पिअर. हात आवळून धरण्याइतका करंट त्या बादलीत उतरतो. असा रॉड भंगारात द्यावा. आकडा आला नाही म्हणून मात्र चालू बादलीत बोट घालून पाणी तापले का ते पाहू नये, कारण मल्टिमीटर फक्त थोड्या व्होल्टवर तपासतो. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, मग हात. बादली प्लास्टिकची. आणि मल्टिमीटर ॲम्पिअरवर ठेवून सॉकेटमध्ये कधीच घालायचा नाही. त्या वेळी त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, आणि २३० ला शून्याच्या जवळच्या आकड्याने भागले तर काय होते ते आता सांगायला नको.

करंट मोजण्यासाठी वायर उघडायची गरजही नाही. घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, आणि एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास. बाकी सगळे बंद करून फक्त रॉड लावा आणि एक मिनिट मोजा. १५०० वॅटचा रॉड असेल तर ८० वेळा लुकलुकायला हवे. रोज अर्धा तास रॉड म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस. भिवंडीत जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरेंट पॉवर ही कंपनी वीज पुरवते, तिच्या बिलातल्या युनिटांशी हा हिशोब ताडून पाहता येतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते पाहत होते तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडे होता, आणि वीज स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे हा आग्रह त्यांनी १९४३ मध्ये धरला होता. तेव्हा बिल वाचणे हेही आपलेच काम.

हाच दिवा आणखी एक गोष्ट सांगतो. घरातल्या सगळ्या पिना काढल्या, बटणे बंद केली, मेन मात्र चालू, तरी दिवा लुकलुकतच राहिला, तर कुठेतरी ओल्या भिंतीतून करंट मुरतो आहे, किंवा आपल्या वायरीवर दुसऱ्याची जोडणी आहे. दोन्हींसाठी वायरमन बोलवावा. पुराचे पाणी घरात येऊन गेले असेल तर बोर्ड उघडून, पूर्ण वाळवून, तपासून घेतल्याशिवाय मेन चढवू नये.

शॉक लागलेला माणूस वायरीला चिकटलेला असेल तर त्याला हात लावू नका. त्याला धरणाऱ्याचे शरीरही त्याच वाटेत येते. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर करा, आणि स्वतः कोरड्या जागी उभे राहा. मग १०८ ला फोन. माणूस हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर त्याला उताणे कठीण जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. शॉक लागलेल्याला मातीत किंवा वाळूत पुरले की करंट उतरतो, अशी समजूत अजून ऐकू येते. वायर सुटली की शरीरात करंट उरत नाही, उतरायला काही नसतेच. पुरण्यात जातात ती मिनिटे छाती दाबायची असतात. आणि उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला इंदिरा गांधी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढून घ्यावा. बाहेरून बोटावर एवढासा डाग दिसतो, पण करंट आतून कोणत्या वाटेने गेला ते डागावरून कळत नाही.